समुद्राची शेवटची फाक

९ डिसेंबर

मावशी, नमस्कार.

तुमच्या भावाचा पत्ता तुमच्या घरमालकिणीने दिला, तोही बरेच आढेवेढे घेऊन. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कुणाशी काही न बोलता निघालात आणि मग आलाच नाहीत. ताप आहे का? की हात फारच दुखतोय? कारखान्यात विचारलं की सगळे छताकडे बघतात. छताला आपले गोल वाळत टांगलेले असतात, त्यामुळे बघायला त्यांना काहीतरी मिळतंच.

उन्हाळ्यात मी इथे व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा पृथ्वीगोल कसा बनतो हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला पहिल्यांदा काम करताना बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. समोर पांढरा गोळा, आणि टेबलावर छापील कागदाच्या लांबट फाका, संत्र्याच्या असतात तशा. तुम्ही एक फाक खळीत भिजवून गोळ्यावर ठेवलीत, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबत नेलीत, आणि ती शेजारच्या फाकेला अशी मिळाली की जोड कुठे आहे ते मला सापडेना. कुणीतरी दार उघडलं, वाऱ्याने छताचे सगळे गोल हळूहळू फिरायला लागले, आणि त्या खोलीतून बाहेर जाऊच नये असं मला वाटलं. त्या आठवड्यात मला झोपेतही निळं दिसत होतं.

तुमच्या हातांबद्दल मी कुणाकडे बोलले नाही, पण मला दिसत होतं. सकाळी दाराची मूठ तुम्ही मनगटाने फिरवता. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तो गार होईपर्यंत बसता. पेरं सुजलेली असली की हात ॲप्रनच्या खिशात. माझ्या आजोबांना संधिवात होता, म्हणून ओळखलं. त्या दिवशी मी तुम्हाला हाताला धरून खिडकीतल्या खुर्चीत बसवलं ते एवढ्यासाठीच. मऊ गादीची खुर्ची आहे, वर ऊन येतं, आणि तिच्यात कधी कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्ही बसलात तशी सगळी खोली गप्प झाली. मला वाटलं, नव्या बाईचं कौतुक वाटलं सगळ्यांना.

वाचनालयासाठी तुम्ही करत होता तो मोठा गोल तसाच उभा आहे. अर्धा समुद्र लागलाय, पुढे नुसता पांढरा गोळा. त्याला कुणी हात लावत नाही. लवकर बऱ्या व्हा.

तुमची,
बाई (तुम्ही सगळे हेच म्हणता, तर हेच लिहिते)


१७ डिसेंबर

बाई, नमस्कार.

पत्र पोचलं. मला ताप वगैरे काही नाही. धाकट्या भावाकडे मजेत आहे.

तुमचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून लिहायला बसले. व्यवस्थापकाने स्वतः हाताला धरून त्या खुर्चीत बसवावं, असा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. माझ्या उस्तादांना तर खुर्ची नुसती बोटाने दाखवली होती. ते बसले, दिवसभर उन्हात आमचं काम बघत राहिले, आणि संध्याकाळी आपला कुंचला उचलून घरी गेले. त्यांच्या आधीच्या बाईही तशाच गेल्या. आपल्याकडे निरोप असाच देतात. भाषण नाही, टाळ्या नाहीत. खिडकीत बसवलं की माणसाने समजायचं, आणि बसलेला परत येत नाही. मला ही रीत फार आवडायची, माझ्यापर्यंत येईपर्यंत.

समुद्र पुरा करू दिला असतात तर बरं झालं असतं. एवढंच. तक्रार नाही.

इथे भावजय मला फुलासारखी जपते. कप उचलायला गेले की तिचा हात माझ्या आधी. मी म्हटलं, अगं मी पाहुणी आहे, काचेची नाही. तर म्हणते, वन्सं, तुम्ही दोन्ही आहात. भाऊ पेपरामागे हसत असतो. या घरातही खिडकीत एक मऊ खुर्ची आहे. सगळ्या जगात असते की काय कोण जाणे.

हात बरे आहेत. काही विशेष नाही.

तुमची,
मावशी


२१ डिसेंबर

मावशी,

तुमचं पत्र वाचलं. मी तुम्हाला निरोप दिला नाही. शपथ घेऊन सांगते, मला ही रीत माहीतच नव्हती. मला फक्त ऊन दिसलं.

पत्र हातात घेऊन मी तशीच खळवाल्याकडे गेले. तो चुलीवर खळ ढवळत होता. मी म्हटलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, मग मला एका शब्दाने का नाही सांगितलंत? त्याने जाळ कमी केला. मग म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्ही ठरवून केलंत, आणि मोठ्यांच्या निर्णयात आम्ही बोलत नाही. रंगारीण दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. मला वाटत होतं, तिचं पोट बिघडलंय.

परत या. हात जोडून सांगते. खळ लावायच्या खोलीत मोठा हीटर बसवून घेते, टेबल त्याच्याजवळ ओढते. बोटांना गारठा लागणार नाही. अजून काय हवं ते सांगा, मी करते. पण या.

तुमची,
बाई


५ जानेवारी

बाई,

तुमचा स्वभाव चांगला आहे, म्हणून आता खरं लिहिते.

हीटर लावू नका. खळीला गारवा लागतो. खोली तापली की ती भराभर वाळते, फाक सरकवायला वेळ उरत नाही आणि कागद फुगतो. म्हणून तर ती खोली उत्तरेकडे बांधली आहे. खळीला थंडी हवी आणि माझ्या हातांना ऊब, हे माझं दुखणं. कोणत्याही डॉक्टरने यावर गोळी दिली नाही. तुम्ही मला चुकून खुर्चीत बसवलंत, पण वेळ काही चुकीची नव्हती.

मी रोज सगळ्यांच्या आधी यायचे ते कामाच्या हौसेने नाही. चुलीवर पाणी तापवायचे, त्यात हात बुडवून बसायचे, कुणी यायच्या आत पुसून टाकायचे. गेल्या हिवाळ्यात एका समुद्रावर सुरकुती राहिली. अंगठा वळेना, आणि कागद तर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर रंगारणीने तिच्यावरून लाटेची बारीक रेघ काढलेली. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आम्ही चहा प्यालो. पण त्या दिवसापासून कुठल्याही गोलाकडे बघितलं की वाटतं, यात माझं किती आणि दुसऱ्यांनी गुपचूप सावरलेलं किती?

पहाटे एक स्वप्न पडतं. वाचनालयाच्या गोलावरून मी अनवाणी चालत असते. पायाखाली ओला निळा कागद, मऊ, थोडासा गार. चालता चालता समुद्र संपतो आणि पुढे सगळं पांढरं. त्या काठावर मी उभी राहते. भीती वाटत नाही. फक्त वाईट वाटतं, की इथवर पाणी यायचं होतं. जाग येते तेव्हा बोटं मिटलेली असतात, ती एकेक करून उघडावी लागतात. उघडून होईपर्यंत स्वप्न विरून जातं आणि भावजय चहा घेऊन उभी असते.

मला परत यायचं नाही असं नाही. काम सोडून मी कोण, हे मला इथे आल्यापासून सापडलेलं नाही. पण लाजत, लपवत, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर यायचं नाही. तेव्हा तो गोल दुसऱ्या कुणाकडे द्या.

तुमची,
मावशी


२८ जानेवारी

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

आधी माझी फजिती. तुम्ही सांगूनही मी हीटर लावून पाहिला, एका छोट्या गोलावर. दुपारपर्यंत समुद्राला फोड आले. खळवाल्याने त्या गोलाकडे एकदा बघितलं, हीटरची पिन काढून माझ्या हातात दिली आणि गेला.

मग मी आपल्या कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन बसले. त्या म्हणाल्या, बोटं चालती ठेवायची, पण मध्ये मध्ये विसावा द्यायचा. बारीक दांडा आवळून धरायचा नाही. सकाळी आखडलेल्या हातांवर जबरदस्ती करायची नाही. मी त्यांना खळीची अडचण सांगितली. त्या सहज म्हणाल्या, खोली कशाला तापवता, हात तापवा की. तोंडात मारल्यासारखं झालं. तुम्ही तर हेच रोज करत होता, फक्त लपून.

आता खोली पहिल्यासारखीच थंड आहे. टेबलाच्या मधोमध कोमट पाण्याचं पसरट भांडं ठेवलंय, शेजारी टॉवेल. कुंचल्यांच्या दांड्यांना कापडी पट्ट्या गुंडाळून ते जाड केलेत. गोल ठेवायची घोडी सुताराकडून अशी करून घेतली की खालीवर होते आणि कोपर टेकता येतं. फाका जुळवणं, निवडणं हे सकाळी. चिकटवणं जेवणानंतर, हात सुटल्यावर. सगळ्यांसाठी तसंच, एकट्या तुमच्यासाठी नाही.

आणि ती खुर्ची. सोमवारी सकाळी मी स्वतः तिच्यात बसले. दिवसभर बसले, तिथूनच काम केलं. संध्याकाळी सगळे रेंगाळत होते, कुणी घरी जाईना. मंगळवारी मी नेहमीच्या वेळी आले, तर खळवाला दारातच थबकला. म्हणाला, बाई, तुम्ही गेला नाहीत? मी म्हटलं, नाही, मला ऊन आवडलं. बुधवारी रंगारीण तिथे बसून जेवली. त्यानंतर मी बघत नाही कोण बसतं ते.

दोन गोष्टी मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. एक, मालकांचं मन अजून डळमळीत आहे. ते म्हणाले, असं सावकाश काम करून गोल कमी होतील. मी म्हटलं, होतील. ते म्हणाले, वाचनालयाचा गोल फेब्रुवारी संपायच्या आत लागला आणि चांगला लागला, तर हे असंच चालू ठेवू, नाहीतर सगळं पहिल्यासारखं. दुसरं, त्या कोमट पाण्यात अजून कुणी हात घातलेला नाही. रोज भरते आणि रोज ते तसंच गार होतं. दुखणारे हात तुमचेच आहेत असं नाही. खळवाला कढई उतरवताना ओठ आवळतो, मी पाहिलंय. विचारलं की म्हणतो, चालायचंच. इथे कुणी दुखतं असं म्हणतच नाही. तुम्हीच शिकवलंत ना त्यांना?

रागावू नका. मला तुमची आठवण येते.

बाई


६ फेब्रुवारी

बाई,

रागावले होते. तुमचा तो शेवटचा प्रश्न वाचून पत्र मिटून ठेवलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

काल मटार सोलायला घेतले. थोड्याच शेंगा झाल्या होत्या. अंगठा दुखत होता, पण दाणे ताटात पडतात त्याचा आवाज बरा वाटत होता. इतक्यात भावजयीने ताट उचललं. वन्सं, तुम्ही बसा, म्हणाली. आणि मी रडायला लागले. ती बिचारी घाबरली, भाऊ आतून धावत आला, मटार जमिनीवर. मला म्हणाली, मी तुमच्या चांगल्यासाठीच केलं हो. मी म्हटलं, सगळे माझ्या चांगल्यासाठीच करतात गं, पण मला विचारत कुणीच नाही.

मग आम्ही तिघं खाली बसून मटार गोळा करत होतो. भाऊ म्हणाला, ताई, तू तरी कधी सांगतेस? लहानपणी पायात काटा घेऊन शाळेत जायचीस आणि लंगडू नये म्हणून हळू चालायचीस. तुला कुणी विचारायचं कसं? तुमच्यावरचा राग आत कुठेतरी शिल्लक होता, तो भावजयीवर निघाला आणि गेला. खरंच गेला. सकाळी उठले तेव्हा बोटं तेवढीच आखडलेली होती, पण छाती मोकळी होती.

मी येते. सोमवारी येईन. लोक हसतील तर हसोत, दिवसभर खुर्चीत बसून परत आलेल्यात माझा नंबर दुसरा.

एकच अट आहे. माझ्या पाठीमागे माझं काम कुणी सावरायचं नाही. सुरकुती पडली तर तोंडावर सांगायचं, रंगारणीनेही. जमलं नाही तर ते सगळ्यांसमोर जमणार नाही. मालकांना तसंच सांगा.

मावशी


२४ फेब्रुवारी

भावजयबाई,

तुझं रुसणं संपलं असेल अशी आशा करते. निघताना तू डब्याचं झाकण मुद्दाम सैल लावलं होतंस ते मला प्रवासात कळलं. एवढं बारीक लक्ष आमच्या घरात तुझ्याशिवाय कुणाचं नाही. आता इथलं सगळं तुला सांगते, कारण बाईंना सांगायचं तर त्या इथेच होत्या.

पहिल्या दिवशी सगळे नेहमीसारखे कामाला लागले. जणू मी बाजारात जाऊन आले. रंगारणीने माझा ॲप्रन धुऊन इस्त्री करून ठेवला होता, तो घालताना मला गाठ मारता येईना, तर ती मागे उभी राहून छताकडे बघत राहिली. तिला गाठ मारून द्यायची होती आणि माझी अट तिच्या कानावर गेली होती. शेवटी मीच म्हटलं, बांध गं. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

पाण्यात हात मी पहिल्याच दुपारी घातले. सगळे बघत होते. पाणी कोमट, खोली थंड, आणि वर ते सगळे गोल हळूहळू फिरताहेत. पेरं एकेक सुटत गेली. असं वाटलं, हा हात कुणीतरी खूप दिवसांनी मला परत आणून दिला. मग फाक उचलली. काम सावकाश होतं, अगदी सावकाश, दोन फाका झाल्या की थांबायचं. थांबले की खिडकीतून रस्ता दिसतो, एक बाई रोज तिथून सायकल ढकलत नेते, चालवत कधी नाही. मी इतकी वर्षं त्या खोलीत होते आणि मला हे कधी दिसलं नव्हतं.

गुरुवारी शेवटची फाक राहिली. ती सगळ्यात अवघड, कारण तिला दोन्हीकडे मिळायचं असतं, इकडेही जोड, तिकडेही जोड. त्या दिवशी आभाळ भरलेलं, गारठा वाढलेला. हात दोनदा पाण्यात घालून झाले होते. फाक भिजली, गोळ्यावर ठेवली, वरचं टोक बसलं, आणि मधेच अंगठा अडकला. वळेचना. कागद ओला होता, ताणला जात होता. थोडा वेळ गेला असता तर तो फाटला असता, आणि त्या फाकेची दुसरी प्रत छापलेली नव्हती.

सगळ्यांना कळलं होतं. आणि सगळे, आपापल्या कामात मान घालून, मला न बघण्याचा शिष्टाचार पाळत होते. हा शिष्टाचार मीच त्यांच्यात रुजवला, बाईंनी लिहिलं होतं ते खरंच होतं. घशाशी आलेलं बाहेर काढायला मला जेवढा जोर लागला तेवढा कधी कुठल्या गोलाला लागला नाही.

मी म्हटलं, "माझा अंगठा चालत नाही. कुणीतरी या कडेला हात लावा."

भावजयबाई, क्षणभर कुणी हललं नाही. त्यांना खरंच वाटलं नाही की मी बोलले. मग बाई आल्या, हातातले कागद जमिनीवर टाकून. त्यांना फाकेची वरची बाजू कोणती तेही कळत नाही. म्हणाल्या, मी काय करू? मी म्हटलं, आधी हात पाण्यात घाल, गार बोटांनी कागदाला हात लावायचा नाही. हो, मी त्यांना अगं-तुगं केलं, ते मागाहून लक्षात आलं, आणि आता ते परत फिरवायचं नाही असं दोघींनी ठरवलंय. तिचा अंगठा मी माझ्या तळहाताखाली घेतला. दाबलं मी, वळला तिचा अंगठा. ओढू नकोस, श्वास रोखू नकोस, असं म्हणत म्हणत आम्ही खाली उतरत गेलो, इतक्या हळू, की मला वाटलं मी त्या स्वप्नात आहे आणि पांढऱ्यावर पाणी चढत चाललंय. खालच्या टोकाला पोचलो. रंगारीण जवळ आली, डोळे बारीक करून दोन्ही जोड बघितले, आणि मला तोंडावर सांगितलं की खाली केसाएवढी फट आहे. मी म्हटलं, मग भर, माझ्यासमोर. तिने भरली.

मालक शनिवारी येऊन गेले. गोल फिरवला, बराच वेळ बोट फिरवत राहिले, म्हणाले, चालू ठेवा असंच. बाई खोलीबाहेर जाऊन रडून आली आणि सर्दी झाली म्हणाली.

पण तुला मुख्य सांगायचंय ते आज सकाळचं. चिकटवायचं काम नव्हतं, मी नुसती हात शेकत बसले होते. चुलीपाशी खळवाला कढई उतरवायला वाकला. जड कढई, आयुष्यभर त्याने एकट्यानेच उतरवली. वाकला, थांबला, सरळ झाला. मग भिंतीकडे तोंड करून, कुणाकडेही न बघता म्हणाला, "मनगट दुखतंय. कुणीतरी हात लावा रे."

तिघं उठले. मी उठले नाही, माझे हात पाण्यात होते.

तुझी,
वन्सं